अर्धा सूर वर

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. सदर नावाच्या वस्तीतल्या आमच्या चर्चच्या गायकवृंदात आम्ही दोघी एका वयाच्या, दोघीही सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच आवाज. नाताळचं एकटीचं गाणं आधी माझं होतं. मग शिकवणाऱ्या बाईंनी ते तिला दिलं आणि मला पियानोवर बसवलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुह्या गळ्यात नाही वं सूर, बोटांत आहे." सगळे हसले. मीही हसले, आणि ते वाक्य जपून ठेवलं.

दोन वर्षं मी तिची साथ केली. तिचा श्वास कुठे संपतो, कुठल्या सुराला ती बिचकते, सगळं मला पाठ झालं.

मग मुंबईहून ऑपेरा शिकवणाऱ्या एक बाई आल्या. आवाज पसंत पडला तर परदेशी शिकायला पाठवणार होत्या. नेमकी त्या सकाळी तिला सर्दी. आत जाण्याआधी तिने माझा हात धरला. "एक सूर खाली घे वं. कोणाले कळणार नाही." गळा बसला की साथ करणाऱ्याने गुपचूप पट्टी उतरवायची, ही आमची नेहमीची रीत. मी होकाराची मान हलवली आणि मूळ पट्टीच्याही अर्धा सूर वर चढवून सुरुवात केली.

शेवटच्या उंच जागी तिचा आवाज फाटला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर ती गायली नाही. खाली उतरवूनही जमलं नाही म्हणजे आपल्या गळ्यातच काही नाही, असं ती सांगायची. शाळेत शिवण शिकवू लागली.

पंधरा-सोळा वर्षांनी नाताळात कुणीतरी माझ्यादेखत म्हणालं, तिच्यासारखा आवाज पुन्हा झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. मन हलकं करायला जातेय, अशी वाटेत स्वतःची समजूत घातली होती. खरं तर कालच्या त्या वाक्याने मी पेटले होते.

ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे गळा चांगला होता माहा."

मी माफी मागितली. तिने ती ऐकलीच नाही.

"गळाच नाही म्हणून मनाले समजावलं होतं मी. आता काहून सांगून राहिली मले हे?"

मला उत्तर माहीत होतं, दिलं नाही. तिने उठून दार उघडलं आणि मी चपला घालेपर्यंत ते धरून उभी राहिली.