इलेक्ट्रिकलच्या टेबलावर अठ्ठ्याऐंशी टक्के

"सायन्सचं टेबल तिकडं, बाळ." मी मार्कशीट बघितली आणि त्या मुलीला हातानं वाट दाखवली. दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के. असं मूल माझ्या टेबलावर आलं तर ते चुकून आलेलं असतं, असं मी धरूनच चालतो. ती गेली. दहा मिनिटांनी परत आली. मी परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं माझ्या पुढ्यातल्या पाटीवर बोट ठेवलं.

"सर, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हेच ना? मग मी बरोबर आलेय."

कोल्हारजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बायफोकल शिकवतो. बायफोकल म्हणजे अकरावी-बारावीचं सायन्सच, फक्त एक भाषा आणि एक विषय सोडायचा आणि त्या जागी दोनशे मार्कांचा हाताच्या कामाचा विषय घ्यायचा. कॉम्प्युटरला रांग लागते. माझ्या इलेक्ट्रिकलसाठी मात्र मी दर वर्षी मोटारसायकलवर गावोगाव फिरतो, आईबापांची मनधरणी करतो, घरोघरचा चहा पिऊन ॲसिडिटी करून घेतो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या पायानं चालत आलं होतं, आणि मी तिला दोनदा हाकललं होतं.

तिचं नाव आरिफा. वडील हमीदभाई, त्यांचं स्टँडजवळ मोटारी भरायचं दुकान. मोटार भरणं म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार उघडून तिच्यात तांब्याची तार नव्यानं घालणं.

"घरी विचारलंस का?"

"अब्बांनी साधं सायन्स सांगितलंय, बायॉलॉजीसकट. त्यांना मला डॉक्टर करायचंय."

"आणि ऑनलाइन फॉर्म?"

"त्यांच्या म्हणण्यासारखाच भरलाय. पण अजून लॉक नाही केला."

फॉर्म एकदा लॉक झाला की त्यात काही बदलता येत नाही. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहाची, आणि आता पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. फॉर्म उघडायला लागणारा ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर येणार, आणि मोबाईल दुकानात. मी उठलोच. दारात उपप्राचार्य मॅडम भेटल्या.

"सर, टेबल सोडून कुठं?"

"ॲडमिशन आणायला, मॅडम."

"आणा. पण कुणाला फसवून आणू नका. नंतर पालक माझ्याकडं येतात."

आरिफा सायकलवर पुढं आणि मी मोटारसायकलवर मागं. ऊन, ट्रक, उसाच्या ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉल्या. खोटं कशाला बोलू, मला एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा आनंद झाला होता.

हमीदभाई खाली बसून मोटारीच्या खाचांमध्ये कॉइल बसवत होते. आतल्या बाजूला त्यांची बायको, मुमताजभाभी, हातमशिनवर तारेचे वेढे मोजत होत्या. मी आलेलं कारण सांगितलं. हमीदभाईंनी मान वर केली नाही.

"सर, मी हिला ह्या तारेतून भाईर काढतोय, आन् तुमी परत तारेतच घालताय व्हय?"

मॅडमचं वाक्य आठवलं, म्हणून आधी वाईट बातमी सांगून टाकली. "हमीदभाई, हे घेतलं तर बायॉलॉजी जाईल. म्हणजे डॉक्टरकी नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स राहतं. इंजिनिअरिंगला जाता येईल, डिप्लोमाला जाता येईल. पण डॉक्टर नाही होता येणार."

"मंग इषय संपला."

पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी निघायला उठलो होतो, खरंच. बापाच्या इच्छेपुढं मास्तरानं किती बोलायचं?

आतून मुमताजभाभी म्हणाल्या, "तिला तर इचारा. शिकायचं तिला हाय."

हमीदभाईंनी हातातली कॉइल खाली ठेवली. "बोल."

आरिफानं वडिलांनाच प्रश्न केला. "अब्बा, मोटारी का जळतात?"

"व्होल्टेज कमी येतं म्हनून. अख्ख्या गावाला म्हाईत हाय."

"पन कमी व्होल्टेजनं का जळावी? कमी म्हंजे तर गार पडाया पायजे."

तीस वर्षं मोटारी भरणाऱ्या त्या माणसानं समोरच्या कॉइलकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"सर, तुम्ही सांगू नका," आरिफा म्हणाली. मग वडिलांना म्हणाली, "मला बी म्हाईत न्हाई. आपल्याला मोटार भरता येती. जळू न देता येत न्हाई. मला ते शिकायचंय. डॉक्टरच करायचं आसंल तर मला मोटारीची डॉक्टर होऊ द्या."

भाभींच्या मशिनचा आवाज थांबला होता. हमीदभाईंनी फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. मग खिशातून मोबाईल काढून लेकीच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "हिला आर्ध्यात सोडू नका म्हंजे झालं."

ओटीपी आला तेव्हा रेंज गेली. मी, आरिफा आणि हमीदभाई, तिघंही रस्त्यावर धावलो. पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी फॉर्म लॉक झाला. मी भर रस्त्यात टाळी वाजवली, शेजारचा टायरवाला बघत राहिला.

यादीत तिचं नाव लागलं. दिवाळीच्या आत तिला कळलं, की व्होल्टेज कमी झालं तरी पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. अशा वेळी मोटार बंद करायला स्टार्टरमध्ये रिले असतो. आमच्याकडं लोक मोटार सारखी बंद पडते म्हणून तो रिलेच काढून टाकतात. आरिफा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो परत बसवायला लावते. त्यांच्या मोटारी मग जळत नाहीत. परवा हमीदभाई कॉलेजवर आले. मला वाटलं, आभार मानायला आले.

"सर, पोरगी हुशार निघाली," ते म्हणाले. "पन गिऱ्हाईक परत येईना की वो."

मी पोट धरून हसलो. तेही हसले, थोड्या वेळानं. त्यांचा धंदा आता निम्मा मोटारी भरायचा आणि निम्मा स्टार्टर नीट करायचा झालाय. माझं म्हणाल तर, मुलांना विषय निवडायला मदत कशी करावी याची तीन सरकारी ट्रेनिंगं मी केली आहेत, प्रमाणपत्रं कपाटात आहेत. समोर आलेल्या मुलाला काय हवंय ते आधी विचारावं, हे त्यातल्या एकातही नव्हतं, किंवा असेल आणि मी तेव्हा चहाला गेलो असेन.