उष्टी परात

पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याचा वास आला की मला आमच्या परदेशीपुरा मोहल्ल्यातली एक सकाळ आठवते आणि डोकं आजही तापतं. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझं शिक्षण झालं ते आईच्या पोह्यांच्या ठेल्यावर. त्या दिवशी शूटिंगसाठी शहरात आलेला एक मोठा नट ठेल्यापाशी गाडीतून उतरला. वाफेवर पिवळेधम्मक पोहे, वर शेव आणि डाळिंबाचे दाणे, भोवती धावत आलेली गर्दी. त्याचा माणूस आईला म्हणाला, "आंटीजी, ज़रा साइड में." स्वतःच्याच ठेल्यावरून बाजूला! कॅमेरा सुरू झाला. नटाने वाढायचा चमचा भरून तोंडात घातला, "वाह!" म्हणाला, तोच चमचा पुन्हा परातीत खुपसला आणि निघून गेला. गर्दी तुटून पडली. "काकी, पहले मुझे! भिया ने चखा है, परसाद है!" आई म्हणाली, "परसाद कसला? उष्टं आहे ते. मी गिऱ्हाइकाला उष्टं वाढत नाही." "माताजी को घमंड आ गया," कुणीतरी हिणवलं. आईने अख्खी परात गाईपुढे रिकामी केली आणि नवे पोहे भिजवायला घेतले. तो व्हिडिओ अजून फिरतो. त्यात आईचं नुसतं कोपर दिसतं. ऑफिसातले म्हणतात, "काय नशीब हो तुमच्या आईचं!" मी सांगते, नशीब त्याचं. आई गर्दीत अडकली नसती, तर तिने त्याला हाताला धरून परत आणला असता आणि ती परात घासायला बसवला असता.