अयपेरीच्या संदुकीला भोकं

ओश शहरातला आमचा शेजारी तेमिरबेक टॅक्सी चालवायचा. गाडी मोडीत काढताना त्याने तिचे स्पीकर तेवढे ठेवून घेतले. ते टीव्हीला जोडून त्याला घरात थिएटर करायचं होतं. देवाने दोन कान दिलेत, त्याला तेवढे पुरत नव्हते.

गाडीच्या स्पीकरला मागे बंद पेटी नसली तर आवाज पोकळ येतो. म्हणून त्याने बायकोच्या माहेरच्या रंगीत संदुकीलाच समोरून दोन मोठी भोकं पाडली. ती संदूक लेकीबरोबर, अयपेरीबरोबर, सासरी जायची होती.

त्याची बायको उलकान बाजारातून आली ती दारातच थांबली.

"रिकामीच तर होती," तो म्हणाला. "आवाज तरी ऐक."

"तुमचं डोकंही रिकामंच आहे. भोकं त्याला पाडायची होतीत."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. चहाची वाटी मात्र पुढ्यात आदळायची.

लग्नाच्या दिवशी तिने स्पीकर उपटून अंगणात फेकले, संदुकीत गोधड्या भरल्या आणि भोकं पाहुण्यांकडे करून ठेवली.

"हे काय हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"तिच्या बापाला विचारा," उलकान म्हणाली.

तेमिरबेक खाली बसून, भोकातून बाहेर आलेली गोधडी बोटाने आत ढकलत राहिला.