एकट्या मिस्त्रींच्या लांब फळ्या

सगळी आळी त्यांना एकटे मिस्त्री म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुतारकामात दुसरं टोक धरायला माणूस लागतोच, पण यांनी कधी कुणाला हाक मारली असेल तर शपथ. छताच्या कडीतून दोरी सोडतील, गुडघा लावतील, हनुवटी टेकवतील, पण मदत मागणार नाहीत. एकदा कपाट एकट्याने जिन्यातून चढवताना वळणावर असे अडकले, की अख्खी दुपार कपाटामागे बसून काढली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, जरा दम खातोय. माणूस सोन्यासारखा, पण हट्ट असा की समोरच्याने हात टेकावेत.

हा हट्ट मुलाने घेतला नाही, मुलीने घेतला नाही. तो उतरला थेट आठ वर्षांच्या नातीत.

तिच्या शाळेत एक नवा खेळ आला होता. दोन लांब फळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या, एकीवर डावा आणि दुसरीवर उजवा पाय ठेवून सहा मुलांनी एकामागे एक उभं राहायचं, फळ्यांना बांधलेल्या दोऱ्या हातात धरायच्या आणि सगळ्यांनी मिळून एकाच वेळी पाऊल उचलायचं. नातीला हे कूर्मगतीचं काम मानवलं नाही. शेवटची रेघ जवळ येताच बाईसाहेब उडी मारून उतरल्या, पळत जाऊन रेघ ओलांडली आणि पहिली आले म्हणून नाचल्या. मागे पाच जण फळ्यांसकट आडवे. त्या गटाची पुढारी होती एक चष्मेवाली. तिने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की आम्ही पाचच बरे. वर्गाच्या बाई म्हणाल्या, शनिवारच्या सामन्यापर्यंत आपसात मिटवा, नाहीतर हिला बाहेर बसावं लागेल.

नात रडली नाही. दप्तर पाठीला तसंच ठेवून आजोबांच्या कामाच्या खोलीत आली.

"आबा, मला एकटीच्या फळ्या करून द्या."

मिस्त्रींची छाती फुगली. घटकाभरात दोन छोट्या फळ्या तयार, रंधा मारून गुळगुळीत, दोऱ्या ओवलेल्या. पोर चढली आणि खटखट करत भिंतीपर्यंत गेली, एकदाही अडखळली नाही. भिंतीपाशी तिने मागे वळून पाहिलं. मागे भुसा होता आणि आबा होते. "पोचले," एवढंच म्हणून ती खाली उतरली आणि दोऱ्या गुंडाळायला लागली.

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. असं एकट्याने पोचणं त्यांनी आयुष्यभर केलं होतं, आणि पोचल्यावर कसं वाटतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोरीला ते नको, एवढं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. आखूड तुकडे जोडून त्यांनी दोन लांबलचक फळ्या केल्या आणि स्वतः जाऊन चष्मेवालीला सरावाचं आमंत्रण दिलं. ती म्हणाली, येऊ, पण तुमच्या नातीला गटात घेऊच असं नाही. मिस्त्री म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा.

पाचही जण आले आणि मिस्त्रींची फजिती झाली. फळ्या खोलीतच जोडल्या होत्या, आणि दाराबाहेरचा बोळ लगेच वळतो हे जोडताना त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फळी तिरकी करून झाली, उभी करून झाली, तरी निघेना. राहिली अंगणाकडची खिडकी. पण तिथे आतून ढकलायला एक आणि बाहेर झेलायला दुसरं कुणीतरी हवं. मिस्त्रींनी दोनदा घसा खाकरला.

"पोरांनो," जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "जरा हात लावता का?"

पोरं हसत हसत अंगणात धावली. पण आत मिस्त्री, बाहेर पाच जण, आणि कुणालाच पलीकडचं दिसेना. हे ढकलत तेव्हा ते थांबत, ते ओढत तेव्हा हे दम खात. शेवटी नात खिडकीत चढून बसली, कारण दोन्हीकडचं तिथूनच दिसत होतं. आबा, थांबा. आता बाहेरचे, हळू. आता आबा. नेहमी सगळ्यांच्या पुढे पळणारी पोरगी प्रत्येकाची वाट बघत होती, आणि मजा म्हणजे तिला ते आवडतही होतं. दोन्ही फळ्या अंगणात आल्यावर चष्मेवालीने घाम पुसला आणि फळ्यांवरची मधली जागा नातीसाठी मोकळी ठेवली.

मिस्त्रींना सगळ्यांनी आग्रह करून रांगेत सगळ्यांच्या मागे उभं केलं. नात मधून आवाज देत होती, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि ती सगळी वरात डुलत निघाली. मिस्त्रींना इतका आनंद झाला की ते मोजायचंच विसरले आणि उजव्याला डावा उचलून बसले. पाठोपाठ अख्खी रांग त्यांच्या अंगावर कोसळली.

हसणं ओसरल्यावर चष्मेवालीने विचारलं, "कोण चुकलं?"

मिस्त्री कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच नात म्हणाली, "आपण चुकलो. परत करू."

चष्मेवालीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "कर मग," ती म्हणाली, "आणि शनिवारीही आवाज तूच दे."

मिस्त्री अजून जमिनीवरच होते. त्यांना उठवायला सगळ्यांचे हात पुढे आले, आणि त्यांनी मिळतील तेवढे धरले.