कल्लप्पांच्या नावाचा पेला

"काय अप्पा, परदेशात जाऊन आला, तिकडची चाखली का न्हाय?" शेजारचा टेलर मौलाली रोज चेष्टेने विचारतो. शुक्रवार पेठेतल्या आपल्या बेदाण्याच्या दुकानात मल्लिनाथअप्पा मान वर करत नाहीत. पोत्यात हात घालून बेदाणे खालीवर करत बसतात.

अप्पांना कुणाला नाही म्हणता येत नाही. पित्तामुळे चहा सुटला, तरी कुणाच्या घरी कप पुढे आला की घेतात, आणि घरचं माणूस आत वळलं की कुंडीत ओततात. कुणाचं मन कशाला मोडायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

यंदा मुलगी रुपालीने त्यांना जॉर्जियाला नेलं. जन्म द्राक्षांत गेला, आता दुसऱ्या मुलखातली द्राक्षंही बघा, म्हणाली. तिकडे कितीतरी घरांत वाईन करतात. मोठे रांजण जमिनीत पुरून त्यांत मुरवतात. अशाच एका घरी दोघं गेली. घरधनी गिवी म्हणून होता. पाहुणा बेदाण्याचा व्यापारी आहे हे कळताच त्याने वर्षभर बंद असलेला रांजण उघडला.

"अप्पा, खास तुमच्यासाठी उघडलाय म्हणतात," रुपालीने सांगितलं.

"अगं, पण मी घेत न्हाय की! बाप जाताना त्याला शब्द दिलाय."

"मग सांगू त्यांना?"

"गप. लई हौसेनं केलंय माणसानं. बघतो मी."

तिथली रीत अशी, की घरधनी कुणाच्या तरी नावाने दोन शब्द बोलतो आणि मग सगळे पेला रिकामा करतात. पहिला पेला पाहुण्यांच्या नावाने झाला. सगळ्यांच्या माना वर गेल्या, तेवढ्यात अप्पांनी आपला पेला बाजूच्या कुंडीत ओतला. रिकामा पेला बघून गिवी खूश झाला. त्याने तो काठोकाठ भरला. दुसराही कुंडीतच गेला.

मग गिवीने अप्पांच्या वडिलांचं नाव विचारलं.

"कल्लप्पा."

गिवी उठला. टोपी काढली. ते परकं नाव जपून उच्चारलं आणि असा मुलगा वाढवल्याबद्दल त्या माणसाचे आभार मानले. त्याच्या बायकोने डोळे मिटले.

अप्पांनी वडिलांच्या नावाचा पेला कुंडीत ओतला.

कुंडीखालून लाल ओघळ निघाला आणि पांढऱ्या फरशीवरून गिवीच्या बुटांपर्यंत गेला.

गिवीने ओघळ बघितला, अप्पांचा पेला बघितला, आणि हलक्या आवाजात रुपालीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"वाईन बिघडलीय का, विचारतात."

रुपाली इंग्रजीत सगळं सांगू लागली. अप्पांना त्यातलं एकच कळलं. मध्येच 'कल्लप्पा' ऐकू आलं, आणि त्यांची मान खाली गेली.

गिवी रागावला नाही. आत जाऊन द्राक्षाचा रस घेऊन आला.

"आधी सांगायचं की, म्हणतात. आणि वडिलांच्या नावाने आता हा घ्या. ह्या वेळी नाव तुम्ही घ्यायचं."

सगळे उभे राहिले. गिवीची बायको फरशी पुसत होती, तीही फडकं ठेवून उठली. अप्पांनी पेला उचलला. तोंड उघडलं. नाव येईना.

"अप्पा, बोला की," रुपाली कुजबुजली.

शेवटी आजोबांचं नाव तिनेच घेतलं. सगळे प्याले, खाली बसले. अप्पा भरला पेला धरून तसेच उभे होते.