सव्वीस जणींची तक्रार

मुलांनो, आपल्याकडे अनेकांच्या वतीने एकाला तक्रार करता येते का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

जालन्याच्या ग्राहक आयोगात माझ्या फ्रीजच्या तक्रारीची तारीख होती. शेजारी आष्टीची एक बाई बसली होती. गावातल्या सव्वीस जणींनी एकाच दुकानातून घेतलेली शिलाई मशीनं सारखीच बिघडली होती. सगळ्यांच्या वतीने हिला तक्रार चालवू द्यायची का, ते त्या दिवशी ठरणार होतं. सह्यांचा कागद ती उघडायची, नावांवरून बोट फिरवायची, पुन्हा घडी घालायची.

"आजी, दुकानदार मला एकटीला नवी मशीन देऊन राह्यला, तक्रार सोड म्हनतो," ती हळूच म्हणाली.

"मग घे की!"

"मंग बाकीच्यांचं कोन बोलनार? पन भेव वाटतंय. मी हारले तर सगळ्याच हारतेत."

पुकारा झाला. ती आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली.

"परवानगी दिली," एवढंच म्हणाली आणि बाकावर बसली. चेहरा आधीपेक्षा जास्त घाबरलेला होता.

पुढचा निकाल मला कळला नाही. एकीने सगळ्यांसाठी उभं राहायची कायद्यातली सोय मात्र अजून आहे.