ते निळं माह्या हाताचं

हे मी कोनालेच सांगतलं नाई. लेकाले नाई, सुनेले नाई. देवापुढं पन नाई — तिथं तर मी नुसती हात जोडून गप बसते. तुले सांगून रायली. ऐक, अन् मंग माह्यापासून उठून गेली तरी चालते.

आता मी राजापेठेत लेकाकडं रायते. घराशेजारी एका मॅडमचा वर्ग भरते. अंगाले हात लावून मनाचं दुखनं मोकळं कराचं, ते शिकवतात तिथं. पोरी सगळ्या शिकल्यासवरल्या, चटईवर बसतात. मी अकोल्याच्या जुन्या शहरात जलमभर बाळंतिनीची मालिश केली, हे मॅडमले समजलं. म्हनून गुरवारी मले बोलावतात, हात कसा ठेवाचा ते पोरीईले दाखवाले. दोन वर्ग शिकलेली मी, अन् मले मावशी मावशी करत पुढं बसवतात.

पयल्याच दिवशी मॅडमनं सांगतलं, हात लावाच्या आधी इचारा. अन् अंग काय म्हनते ते हातानं ऐका — तोंड खोटं बोलते, अंग नाई. पोरी वहीत लिवून रायल्या होत्या. मी काय लिवू? मले तर ते ठावंच होतं. तेच तर — ठावं होतं.

अकोल्याले असतानी एक बाळंतीन होती. दुसरं बाळंतपन, म्हनून सासरीच. मी पाठीले तेल लावाले हात नेला की अंग चोरे, श्वास धरून ठेवे. खांद्याखाली निळं, कमरेवर निळं. एक जुनं होऊन पिवळं पडे, तोवर दुसरं. तिनं काई सांगतलं नाई. मी इचारलं नाई. निळ्याच्या कडेकडेनं चोळत होती. कशी हुशार मी, नाई?

बाराव्या दिवशी तिची माय वरूडवरून आली. गाडी दाराशीच उभी. मायले काईतरी कुनकुन लागली होती. बाजेवर बसून तिनं लेकीचा पदर सरकवला, अन् लेकीले नाई — मले इचारलं. कावून? बाळंतिनीचं अंग मालिशवालीले ठावं असते म्हनून.

"हे निळं कायचं व बाई? खरं सांग. तसं असन तर आत्ताच घेऊन जाते हिले."

सासू दारात उभी होती. त्या गल्लीतली कामाची सारी घरं मले तिच्याच शब्दानं भेटली होती.

"माह्या हाताचं हाये," मी म्हनली. "जरा जोरानं चोळल्या गेलं."

मायचा जीव भांड्यात पडला. हसून म्हने, हळू चोळ व, लेक हाये माही, कनिक नाई. चहा पिऊन उठली. गाडी लेकीशिवाय गेली. पोरीनं मले एक डाव पाह्यलं अन् भिताडाकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेल गरम करून गेली — गेली, हे पन सांगते — अन् त्याच पाठीवर हात फिरवला.

वरीसभरानं ती भाजीबाजारात दिसली. डावा हात खांद्याच्या वर जात नोहता, पदर उजव्यानंच ओढे. लांबूनच मले कळलं नवऱ्यानं काय केलं असन. मी दुसऱ्या गल्लीत वळली.

आता तेलाचा वास आला की मी हात पदराखाली घेते. किळस त्या नवऱ्याची नाई, सासूची नाई — या दहा बोटाईची. भाकर खातानी पन त्याईच्याकडं पाहू वाटत नाई.

मांगल्या गुरवारी मॅडमनं माहे दोन्ही हात उचलून पोरीईले दाखवले. म्हनल्या, "बघा गं, या हातांनी कधी कुणाला दुखवलं नसेल." तवा हात ओढून घ्याले पायजे होते. बोलाले पायजे होतं. नाई बोलली. पोरीईनं टाळ्या वाजवल्या, त्या ऐकून घेतल्या. मंग एक पोरगी माह्यासमोर पालथी झोपली, डोळे मिटले. म्हने, मावशी, ठेवा हात.

ठेवला.